सोफ्याच्या आयात कापडाचे कस्टम्स वर्गीकरण कसे ठरवावे

पुण्यातील सोफा बनवणाऱ्या किंवा मोटारींची आसने शिवणाऱ्या कारखान्यासाठी परदेशातून विणलेले कापड मागवले, की पुरवठादार इन्व्हॉइसवर बहुधा 'अपहोल्स्टरी फॅब्रिक' एवढेच लिहितो आणि सोबत एक एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) देऊन मोकळा होतो. त्या कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे असले, तरी भारतात आठ अंकी कोड लागतो आणि तो बरोबर असण्याची जबाबदारी आयातदारावरच येते. शिवाय १९७५ च्या सीमाशुल्क टॅरिफ अधिनियमात सोफ्याच्या कापडासाठी वेगळे शीर्षक (कोडच्या पहिल्या चार अंकांचा गट) नाही; कापड कुठे लागणार यापेक्षा ते कसे विणले आहे आणि कशाचे आहे, हे पाहावे लागते.

प्रथम कापडाची लव तपासावी. कडेचा एक धागा उसवून भिंगाखाली धरल्यास शेनिलचा धागा सुरवंटासारखा केसाळ दिसतो. शेनिल आणि विणतानाच लव उभी केलेली मखमल ५८०१ मध्ये जाते, तर पायाच्या कापडावर गोंदाने लव चिकटवलेली नकली मखमल ५९०७ मध्ये जाते.

लव नसल्यास मागची बाजू पाहावी. अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर बहुधा ५९०३ लागू होते, मात्र केवळ रंग बदललेला दिसणे पुरेसे नाही. येथे क्रमाला महत्त्व आहे, कारण टॅरिफच्या ५९ व्या प्रकरणाच्या (५९ ने सुरू होणाऱ्या शीर्षकांच्या) पहिल्या टिपेतील 'कापड' या व्याख्येत ५८०१ येत नाही. त्यामुळे मागे थर दिला, तरी मखमल ५८०१ मध्येच राहते. मोटारींच्या आसनांसाठी फोम चिकटवलेले कापड येते, तेव्हा ते केवळ फोमला आधार देण्यासाठी आहे का, हा प्रश्न विचारावा. एकरंगी साधे कापड फोमच्या एकाच बाजूला असेल तर ते सहसा आधारापुरते मानले जाते आणि माल प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात जातो. नक्षीदार किंवा छापील कापडाला तसे मानले जात नाही.

थरही नसेल, तर वजनानुसार तंतूंचे प्रमाण निर्णायक ठरते, आणि घोटाळा सर्वाधिक येथेच होतो. समजा, कापडात ४५ टक्के सुती, ३० टक्के पॉलिएस्टर फिलामेंट (अखंड लांब तंतू) आणि २५ टक्के पॉलिएस्टर स्टेपल (आखूड तंतू) आहे. सुताचे प्रमाण एकट्याने सर्वाधिक दिसते. परंतु टॅरिफच्या अकराव्या, म्हणजे वस्त्रांच्या विभागाच्या दुसऱ्या टिपेनुसार अन्य कोणत्याही प्रकरणाशी तुलना करताना ५४ (मानवनिर्मित फिलामेंट) आणि ५५ (मानवनिर्मित स्टेपल) ही प्रकरणे एकच धरली जातात. मानवनिर्मित तंतू ५५ टक्के भरतात, त्यांत फिलामेंट अधिक आहे, म्हणून कापड ५४०७ मध्ये जाते. तंतू जाळून पाहिल्यास जात कळते, प्रमाण कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच हवा. पुढे उपशीर्षक निवडताना फिलामेंटचे प्रमाण ८५ टक्के किंवा अधिक आहे का, फिलामेंट टेक्स्चर्ड (कुरळे करून फुगवलेले) आहे का, आणि कापड रंगवलेले, छापील की वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांचे आहे, हे पाहावे. जॅकार्ड विणीमुळे (विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या विणीमुळे) शीर्षक आपोआप बदलत नाही.

कापडाच्या अनेक नोंदींवर टक्केवारीचा दर आणि प्रति चौरस मीटर किंवा प्रति किलो रुपयांतील दर यांपैकी जो जास्त असेल तो आकारला जातो. म्हणून पॅकिंग लिस्टमध्ये रुंदी, एकूण मीटर आणि जीएसएम (प्रति चौरस मीटर ग्रॅममधील वजन) असलेच पाहिजेत. एवढे करूनही दोन शीर्षकांमध्ये अडकायला झाले आणि तोच माल पुन्हा पुन्हा येणार असेल, तर माल जहाजावर चढण्याआधीच मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (आयातीपूर्वीच वर्गीकरणावर निर्णय देणाऱ्या संस्थेकडे) नमुना, तांत्रिक तपशील आणि प्रयोगशाळेच्या अहवालासह अर्ज करावा.