मावशींना वाचायला शिकवायचंय? आधी चष्म्याचं बघा

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, कुठलाही कागद आला की एकच सांगायच्या, "चष्मा घरी राहिला ताई, जरा वाचून दाखवा." दोन वर्षं मी वाचून दाखवत होते आणि मग एक दिवस ट्यूब पेटली की अरे ह्यांना चष्मा घातलेलं आपण कधी बघितलंच नाहीये. वाचता येत नाही हे लपवायला चष्मा लई कामाला येतो, आणि तुमच्या आजूबाजूलाही असं कुणीतरी असणारच, फक्त तुम्हाला कळलेलं नसणार.

तर कसं शिकवायचं ते लिहितेय. मी काही शिक्षिका नाही, चुकत चुकतच कळलंय.

पहिलं म्हणजे विचारायचं कसं. "तुम्हाला लिहितावाचता येत नाही का?" असं तोंडावर अजिबात विचारू नका, माणूस तिथंच मिटतो. मी म्हटलं, मावशी मोबाईलमधे नावं सेव्ह करायला शिकवू का, तर लगेच हो म्हणाल्या. आणि त्या का शिकल्या नाहीत हे नीट ऐकून घ्या, कारण त्यावरून ठरतं सुरुवात कुठून करायची. आमच्या मावशी बीडकडच्या, आईवडील ऊसतोडीला, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघालं की थेट उन्हाळ्यात परत, आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटा भाऊ सांभाळायला ही पोरगी. म्हणजे तिसरीपर्यंत नाव पटावर होतं पण शाळा अर्धीच. भाऊ मात्र पुढं बारावी झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुष ८८ टक्के साक्षर आणि बायका ७६ च्या आसपास, हा बारा टक्क्यांचा फरक कुठून आला ते अशा एका घरात बसलं की समजतं. त्यात नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सगळे मिळूनच ६४ टक्के होते. आळशीपणा वगैरे बोलणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

दुसरं, खरंच चष्मा. चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसतं, आणि ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांना ते कळतही नाही. आम्ही पहिले १५ दिवस उगाच वाया घालवले, मावशींना वाटायचं आपलं डोकंच चालत नाही. डोळे तपासून साधा नंबरचा चष्मा आणला आणि सुईत दोराही पटकन जायला लागला. अक्षरं मोठी काढा, पेन्सिल जाड घ्या, भांडी घासून घासून बोटं आखडलेली असतात.

आता अक्षरं. अ अननसाचा करू नका प्लीज. पन्नाशीच्या बाईसमोर बालवाडीचं रंगीत पुस्तक ठेवणं म्हणजे अपमान आहे. ग, म, न, र ही चार अक्षरं घ्या, सोपी वळणं आहेत. एवढ्यावर मग, मन, गरम, नगर असे शब्द बसतात. आमच्या मावशींना "नगर" वाचता आलं ना, त्या दिवशी त्या उठून उभ्याच राहिल्या, कारण गावाला जाताना एसटीची पाटी त्या आयुष्यभर दुसऱ्याला विचारत आल्या होत्या. मग काना द्या, मामा, नाना, नाग. रोज २० मिनिटं पुरे, चहा झाल्यावर. जोडाक्षरांच्या वाटेला पहिले दोन महिने जाऊच नका.

आकड्यांची एक गंमत आहे. मोबाईलमुळे इंग्रजी आकडे बहुतेकांना येतात, घोळ मराठी आकड्यांत होतो. १ बघून मावशी नऊ म्हणायच्या आणि ५ बघून चार! त्यांचं चुकत नाहीये, मोबाईलवरचा नऊ तसाच दिसतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहून भिंतीला चिकटवा.

सहीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सही शिकवून मोकळे होतात, फोटो काढतात, झालं. पण नुसती सही म्हणजे चित्र काढणं. मावशींनी एकदा कुणाच्यातरी कर्जाला जामीन म्हणून अंगठा दिला होता, कशावर दिला ते हप्ता मागायला माणूस दारात आला तेव्हा कळलं. उद्या अंगठ्याऐवजी सही असती तर वर आणि म्हणाले असते, वाचूनच सही केलीत ना. म्हणून सहीच्या बरोबरीनं चार शब्द ओळखायला शिकवा: रक्कम, हप्ता, जामीन, कर्ज. ह्यात जोडाक्षरं आहेत पण चालेल, फोड करून वाचायची गरज नाही, चेहऱ्यासारखे ओळखू देत. औषधाच्या पाकिटावर सगळं इंग्रजीच असतं, तिथं मार्करनं सकाळ, रात्र असं लिहून ठेवा.

मधेच खाडे होणार, लग्नसराई, आजारपण, गावची जत्रा. चिडू नका. मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली ती दुपारी घरातली कामं उरकल्यावर भरायची, वेळ त्यांच्या सोयीची म्हणून तर आज्या आल्या.

थोडं जमायला लागलं की जवळच्या झेडपी शाळेत उल्लास ह्या मोठ्यांना साक्षर करायच्या सरकारी कार्यक्रमाची चौकशी करा. १५ वर्षांपुढच्या कुणालाही नाव देता येतं, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी ५०-५० मार्कांची परीक्षा असते, पास झालं की सर्टिफिकेट. मावशी अजून घाबरतायत, बघू.

मोबाईलचं मात्र झालं. परवा त्यांनी माझा नंबर स्वतः सेव्ह केला, आणि नाव काय टाकलं तर "ताई पगार".