शिट्टी गळ्यात घालण्याआधी : बास्केटबॉल खेळाडूचा कोच होताना

आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचं म्हणजे बहुतेकांसाठी क्रीडा कोट्यातली नोकरी: रेल्वे, पोलीस, बँक, ओएनजीसी. मीही खात्याच्या टीमकडूनच खेळलो. गुडघे कुरकुरायला लागले की दोन वाटा उरतात, ऑफिसातलं टेबल नाहीतर कोचिंग. दुसऱ्या वाटेचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

खेळता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. उजव्या हाताचा लेअप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन चेंडू बोर्डावरून टाकणं, आपलं शरीर आपोआप मारतं. तोच बारा वर्षांच्या मुलीला नुसता करून दाखवला तर ती चेंडूकडे बघते, पायांकडे तिचं लक्षच जात नाही. म्हणून आधी ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देत नेणं, काढून टाकायचं. रिंगजवळ उभं करून फक्त पावलं: उजवा, डावा, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर, चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर. पावलं बसली की एक ड्रिबल, मग धावत. जे आपण कधी विचार करून केलंच नाही, त्याचे असे तुकडे पाडणं हेच कोचचं खरं काम. मला ते सामने जिंकण्यापेक्षाही अवघड वाटतं.

बेंचवर बसणाऱ्या पोरांना मी स्टीव्ह करबद्दल सांगतो. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या शिकागो बुल्समध्ये तो बहुतेक वेळा बेंचवरूनच उतरायचा, पण १९९७ च्या अंतिम फेरीतल्या सहाव्या सामन्यात सहकारी मायकेल जॉर्डनच्या पासवर निर्णायक बास्केट त्यानेच केली. २००३ मध्ये निवृत्त झाला, समालोचन केलं, फिनिक्स सन्सचा जनरल मॅनेजर झाला आणि २०१४ मध्ये थेट गोल्डन स्टेट वॉरियर्सचा मुख्य कोच. पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत क्लीव्हलँडविरुद्ध टीम १-२ अशी मागे पडली. तेव्हा निक यूरेन या तरुण सहाय्यकाने, जुने सामने बघून, सुचवलं की उंच सेंटर बोगटला बसवा आणि इग्वाडालाला पहिल्या पाचात घ्या. करने ऐकलं. पुढचे तिन्ही सामने वॉरियर्सने जिंकले. खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं मिळवलेला माणूस सहाय्यकाचं ऐकतो, हे मला फार मोठं वाटतं.

सामन्यात बोलायला वेळ किती मिळतो, हेही लक्षात घ्या. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन, प्रत्येकी एक मिनिट. त्यातला काही वेळ पाणी पिण्यात आणि धाप आवरण्यात जातो. तेवढ्यात एकच गोष्ट सांगायची. "झोन सोडा, मॅन टू मॅन घ्या," म्हणजे जागा राखू नका, प्रत्येकाने आपापला खेळाडू धरा, एवढं पुरे. चार सूचना दिल्या की मुलं चारही विसरतात.

कागदोपत्री पात्रतेसाठी पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) वर्षभराचा कोचिंग डिप्लोमा सगळीकडे मानला जातो. वर्षभर सुट्टी मिळत नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करता येतो. पण कोर्सची वाट बघत थांबू नका. खेळत असतानाच एखाद्या शाळेच्या १४ वर्षांखालील टीमला संध्याकाळी मदत करा, टेबलवर बसून स्कोअरशीट भरा, जमलं तर पंचांची परीक्षा द्या. फाउल कुठे मोजला जातो हे तिथे नीट कळतं.

पहिलं काम बहुधा शाळेत नाहीतर क्लबमध्ये मिळेल, पगार बेताचाच असेल. होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: कोर्ट आठवड्यातून किती दिवस मिळणार, पावसाळ्यात सराव कुठे घ्यायचा, आणि टीम कोण निवडणार. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.