गिटारचे सॅडल बदलायचेत? आधी मोजपट्टी घ्या

गणपती जवळ आले की सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोरांची एक तक्रार ठरलेली: "दादा, पहिली तार सारखी तुटायलीय, ब्रिजच बदलू का?" बहुतेक वेळा गरज नसते. ब्रिज म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावरचा तारा टेकतात तो भाग, आणि सॅडल म्हणजे त्यावरचे, तार ज्यांवरून जाते ते छोटे तुकडे. तार नेमकी कुठं तुटते ते आधी बघा. चावीपाशी किंवा नटपाशी (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तुटत असेल तर सॅडलचा काही संबंध नाही. सॅडलवरच तुटत असेल तर तार काढा आणि कापसाचा बोळा सॅडलच्या माथ्यावरून फिरवा. तंतू अडकला की समजा, तिथं कड उठलीय. हजार-बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक घडी करून तारेच्या दिशेनंच हलके घासा. तेवढ्यावर भागलं तर पैसे वाचले.

नवे घ्यायचेच असतील तर सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'स्ट्रॅटसाठी' (म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारसाठी) एवढंच वाचून ऑर्डर टाकणं. स्ट्रॅटच्या आकाराच्या गिटारींत ब्रिजची मापं वेगवेगळी असतात. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत, सॅडलवरच, मिलिमीटरमध्ये मोजा आणि पाचानं भागा. स्वस्त गिटारींत बऱ्याचदा ५२.५ भरतं, म्हणजे १०.५ चे सॅडल. जुन्या अमेरिकन पद्धतीच्या ब्रिजला ५६ च्या आसपास, म्हणजे साधारण ११.२ चे. रुंद सॅडल अरुंद ब्रिजवर एकमेकांना रेटतात, अरुंद सॅडल रुंद ब्रिजवर आडवे सरकतात. स्क्रूही सॅडलसोबत आलेलेच वापरा, कारण मेट्रिक आणि इंची आटे जुळत नाहीत. ॲलन कीचंही (स्क्रू फिरवायची षटकोनी चावी) तसंच: काहींना १.५ मिमी लागते, काहींना ०.०५० इंच. "बसतीय की" म्हणून सैल की फिरवली तर भोक गोल होतं आणि मग स्क्रू निघता निघत नाही. आपल्याकडच्या घामानं तो गंजलेला असेल तर जोर लावू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा.

पितळेनं आवाज 'उबदार' होतो, स्टीलनं 'चकचकीत', या जाहिरातींवर फार भाळू नका. फरक असतो, पण बारीक. पिकअपची (तारांखालचा, आवाज पकडणारा भाग) उंची नीट लावली तर कधीकधी त्याहून जास्त पडतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून टेलीचे (टेलिकास्टर गिटारचे) पितळी बॅरल, म्हणजे नळीसारखे सॅडल, करून घ्यायचा मोह होईल. कल्पना वाईट नाही, पण जुना नमुना हातात द्या; तोंडी माप सांगू नका.

ट्रेमोलो (दांडीनं ब्रिज हलवून सूर वरखाली करायची सोय) असेल तर सगळ्या तारा एकदम काढू नका. ताण गेला की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला खाली ओढतात आणि पुढचं सेटिंग बिघडतं. एकेक सॅडल बदला, जुन्याची उंची आधी लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचे उंचीचे स्क्रू ब्रिजच्या पत्र्याला टेकलेले हवेत, नाहीतर खरखर येते.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठंही दाबलं तरी सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल मागंपुढं करणं, तेही नव्या तारांवरच. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागं (नटपासून लांब), उतरा लागला तर पुढं. स्क्रू फिरवण्याआधी तार थोडी सैल करा. सहाव्या तारेचा सॅडल बराच मागं जावा लागतो आणि कधीकधी स्प्रिंग पूर्ण दबून तो अडतो. तेव्हा स्क्रू आवळत बसू नका. स्प्रिंग काढा, पक्कडीनं दोन-तीन वेढे तोडा आणि परत बसवा.