मल्टिकास्ट आयपीवरून मॅक पत्ता काढताना
सांगलीत केबलच्या कंट्रोल रूममध्ये आयपीटीव्हीचं (नेटवर्कवरून येणाऱ्या टीव्हीचं) चॅनल २३९.१२९.२०.५ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या, आयपीवर लावायचंय. मॅकचे (स्विच वापरतो त्या हार्डवेअर पत्त्याचे) पहिले तीन भाग ठरलेले: ०१:००:५ई. उरलेले तीन आयपीतल्या टिंबांनी तोडलेल्या शेवटच्या तीन आकड्यांचे, हेक्समध्ये (१६ च्या पायावर). पण दुसरा आकडा १२८ किंवा जास्त असेल तर आधी १२८ वजा करा, कारण खालचे २३ बिटच घेतात. १२९ चा उरला १, २० चे हेक्समध्ये १४. उत्तर ०१:००:५ई:०१:१४:०५.

गोची इथेच. पाच बिट गळतात, म्हणून ३२ आयपींना एकच मॅक. २३९.१.२०.५ वर दुसरं चॅनल लावलंत, तर मॅक बघून स्नूपिंग करणारा (कोणत्या पोर्टने कोणतं चॅनल मागितलंय ते टिपणारा) स्विच एकच मागणाऱ्या पोर्टवरही दोन्ही सोडतो. लाइन भरते, चित्र फुटतं. पहिला आकडा सगळीकडे २३९ आणि दुसरा १२८ च्या खालीच ठेवा. २३९.०.०.क्ष टाळाच, तो २२४.०.०.क्ष च्या मॅकवर पडतो आणि बरेच स्विच तो सगळ्या पोर्टांवर पाठवतात.