स्काउट-गाइडचं पथक वर्षभर कसं चालवायचं आणि मुलांची प्रगती कशी नोंदवायची

शाळा उघडली की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या नव्या सरांकडे नाहीतर मॅडमकडे स्काउट-गाइड येतं, मुख्याध्यापक म्हणतात तुम्ही उत्साही आहात, तुम्हीच घ्या, आणि हातात मागच्या वर्षीची फाइल, दोन शिट्ट्या आणि गुंता झालेली दोरी पडते. माझ्याकडे असंच आलं होतं. आता बरीच वर्षं गाइडचं पथक चालवतेय आणि नवीन मंडळी सारखी विचारतात की नेमकं करायचं काय, सुरुवात कुठून, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. महाराष्ट्रातल्या शाळांचं वर्ष धरून लिहितेय.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वर्षाच्या शेवटी अहवालात आपण काय लिहितो, तर ध्वजवंदन झालं, वृक्षारोपण झालं, रॅली काढली, सोबत फोटो. ते सगळं करायचंच, पण त्यात मुलगी कुठेय? माझ्या मते पथकाची प्रगती एकाच गोष्टीवरून कळते, प्रत्येक मुलीच्या नावापुढे ती जूनमध्ये कुठल्या पायरीवर होती आणि एप्रिलमध्ये कुठल्या. बाकीचे कार्यक्रम त्या पायऱ्यांसाठी असतात.

तर पायऱ्या. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये लहान मुलांचं कब आणि बुलबुल, मग साधारण दहाव्या वर्षापासून स्काउट आणि गाइड, आणि मोठ्यांसाठी रोव्हर-रेंजर. शाळेत आपला मुख्य संबंध स्काउट-गाइडशी. त्यात आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. यातली एकही पायरी गाळता येत नाही आणि दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक महिने जावे लागतात, हे महिने संस्थेच्या नियमावलीत म्हणजे अप्रोमध्ये दिलेत, चालू आवृत्ती जिल्हा कार्यालयातून मागून घ्या आणि ते पान झेरॉक्स करून फाइलच्या पहिल्याच कप्प्यात लावा.

हे महिने का महत्त्वाचे ते सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी राज्य पुरस्काराच्या चाचणीला जायची होती, गाठी, लॅशिंग म्हणजे काठ्या दोरीने एकमेकींना आवळून बांधणं, प्रथमोपचार, सगळं तोंडपाठ आणि हातपाठ. फॉर्म भरायला बसलो तर तिच्या द्वितीय सोपानाची तारीखच कुठे लिहिलेली नाही. पूर्ण झालं होतं हे मला माहीत, तिला माहीत, वर्गातल्या सगळ्यांना माहीत, पण रजिस्टरमध्ये कोरी जागा. ती चूक माझीच होती. त्या वर्षी ती गेली नाही, पुढच्या वर्षी दहावी म्हणून घरच्यांनी पाठवलं नाही. तिचा तो चेहरा अजून आठवतो, म्हणून आता तपासणी झाली की त्याच दिवशी, त्याच जागी, तारीख आणि सही.

गणित उलटं मांडायचं. मुलगी पाचवीत आली, वयाची दहा पूर्ण झाली, तर दिवाळीच्या आत प्रवेश आणि दीक्षाविधी, म्हणजे वचन घेण्याचा कार्यक्रम, झाला पाहिजे. प्रथम सोपान सहावीच्या सुरुवातीपर्यंत, द्वितीय सोपान सहावी संपता संपता किंवा सातवीत, तृतीय सोपान आठवीत, म्हणजे राज्य पुरस्कार नववीपर्यंत होऊन जातो आणि दहावीच्या वर्षी कुणाच्या आईवडिलांना टेन्शन येत नाही. सातवीत नवीन आलेल्या मुलीला वेळ कमी आहे हे तिच्या घरच्यांना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जून-जुलैमध्ये कागदाचं काम उरका. पथकाची नोंदणी आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, मुलांची नावं, जन्मतारखा शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनच घ्या, मुलांना विचारून नको, कारण जन्मतारीख चुकली की पुढे प्रत्येक कागदावर चुकत जाते. तुमचं स्वतःचं प्रशिक्षण झालं नसेल तर जिल्हा संघटकांना भेटून बेसिक कोर्सला नाव द्या. तो निवासी असतो, सात दिवसांचा, आणि खरं सांगते, त्या सात दिवसांत जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही, तंबूत झोपल्याशिवाय तंबू कुठे लावायचा ते समजत नाही. पुढे ॲडव्हान्स कोर्स आहे, त्याच्याही पुढे हिमालय वुड बॅज ही पथक चालवणाऱ्यांची पात्रता.

मग संघ पाडा. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं तेव्हाच मुलांचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाला एक नायक होता. आजही सगळा डोलारा त्याच संघ पद्धतीवर उभा आहे. सहा ते आठ जणींचा एक संघ, त्यात पाचवीची पण हवी आणि आठवीची पण, एकाच वर्गाच्या मैत्रिणींचा संघ केला की शिकवणारं कोणीच राहत नाही. संघनायक निवडताना सगळ्यात हुशार मुलगी घेऊ नका, लहानांना न ओरडता पुन्हा पुन्हा दाखवते ती घ्या. आणि मग तिच्यावर सोडा. नवीन शिक्षकांची एक सवय मोडायला फार वेळ लागतो, ती म्हणजे सगळ्या पथकाला एकदम समोर उभं करून शिकवणं. त्यापेक्षा आठवड्याच्या मीटिंगच्या आधी फक्त संघनायकांना पंधरा मिनिटं बोलवा, त्यांना एक गोष्ट नीट शिकवा, त्या आपापल्या संघाला शिकवतील.

गाठींचं उदाहरण घ्या. रीफ नॉट सगळ्यात आधी. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, हे म्हणतच बांधायचं. दुसऱ्या वेळी पण उजवं डाव्यावर गेलं की ग्रॅनी नॉट होते, ती दिसायला जवळपास तशीच पण सुटते नाहीतर अशी आवळते की निघत नाही. ओळखायचं कसं, तर रीफ नॉटमध्ये दोरीची टोकं मुख्य दोरीला चिकटून सरळ जातात, ग्रॅनीमध्ये आडवी बाहेर येतात. बँडेजला हीच का बांधतात ते मुलींना सांगा, ती चपटी बसते, टोचत नाही. क्लोव्ह हिच म्हणजे खांबाला दोरी बांधायची गाठ, तिच्यासाठी खांब शोधत फिरू नका, बाकाचा पाय पुरतो. मागच्या वर्षी पाचवीतली एक चिमुरडी रोज मधल्या सुट्टीत बाकाच्या पायाला बांधत बसायची, तिला गुंडाळून बांधणं जमेना, मग संघनायकाने तिला दोन सारखे फास करून दुसरा पहिल्याच्या मागे सरकवून काठीत अडकवायला दाखवलं, एकदम जमलं, त्या दिवशी तिने दप्तराच्या पट्ट्यापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्याला क्लोव्ह हिच मारली. आणि ही गाठ पक्की नसेल तर लॅशिंगकडे वळूच नका, कारण बहुतेक लॅशिंगची सुरुवातच तिच्यापासून होते. दोरी जाड सुती घ्या, दीड-दोन मीटरची, प्रत्येकीला वेगळी. नायलॉनवर शिकू नये, ती सरकते.

प्रवेशासाठी वचन, नियम, खूण, सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन, प्रार्थना, झेंडागीत, गणवेश हे सगळं असतं, त्यातले नऊ नियम पोपटासारखे पाठ करून घेण्यात महिना जातो आणि अर्थ राहून जातो. मी एका मीटिंगला एकच नियम घेते आणि त्यावर संघाने दोन मिनिटांचं नाटक करायचं. रोजच्या सत्कृत्याची डायरी मात्र कडक ठेवा. "आईला मदत केली" एवढं चालणार नाही, काय मदत केली ते लिहायचं. एका मुलीने लिहिलं होतं, आजीच्या सुईत पाच दोरे ओवून ठेवले म्हणजे तिला दिवसभर कुणाला हाक मारावी लागणार नाही. असं एक पान वाचलं की डायरी कशासाठी असते ते सगळ्यांना कळतं.

ऑगस्टमध्ये १ तारखेला जागतिक स्कार्फ दिन, मग १५ ऑगस्ट, नोव्हेंबरमध्ये ७ तारखेला संस्थेचा स्थापना दिवस, १९५० साली याच दिवशी भारत स्काउट्स आणि गाइड्स सुरू झालं, आणि २२ फेब्रुवारीला चिंतन दिन, बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी लेडी बेडन पॉवेल दोघांचाही वाढदिवस. हे दिवस साजरे कराच पण प्रत्येकाला एक सोपानाचं काम जोडून द्या. स्कार्फ दिनाला स्कार्फचीच त्रिकोणी झोळी बांधायला शिकवली की प्रथमोपचाराची सुरुवात झाली. पुण्याच्या आसपास असाल तर गाइडच्या मुलींना संगम बघायला न्या, जगभरातल्या गाइड्सचं केंद्र आहे ते, १९६६ पासून आपल्याकडे आहे आणि कितीतरी मुलींना पत्ताच नसतो. जाण्याआधी परवानगी मात्र घ्या.

दिवाळीनंतर 'खरी कमाई' हा उपक्रम. यावर मी जरा जास्त बोलते कारण इथे गडबड फार होते. मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायचे हा हेतू. घरून आईने करून दिलेली भेळ शाळेत विकली तर ती आईची कमाई झाली. माझ्याकडे मुली भाज्या निवडणं, पिशव्या शिवणं, वह्यांना कव्हर घालणं असली कामं करतात, खाद्यपदार्थाचा स्टॉल लावला तरी चिरणं, कालवणं, हिशोब सगळं त्यांनीच. एक वही, तीन रकाने, खर्च किती, विक्री किती, उरले किती. सामानाचे पैसे वजा करायला मुलं नेहमी विसरतात आणि आलेला सगळा गल्ला म्हणजे कमाई समजतात, ती वजाबाकी त्यांच्याच हाताने करून घ्या. मिळालेल्या पैशाचं काय करायचं ते संघनायक बसून ठरवतील.

शिबिर डिसेंबर-जानेवारीत, थंडी असते, पाऊस नसतो. पालकांची लेखी संमती, कुणाला दमा, फिट, कसली ॲलर्जी आहे का ते आधीच लिहून घेतलेलं, मुलींच्या शिबिरात पूर्णवेळ महिला शिक्षिका, जवळचा डॉक्टर कोण आणि गाडी कुणाची, हे चार कागद तयार नसतील तर शिबिर पुढे ढकला, मी एकदा ढकललंय. शेकोटी पेटवण्याआधी दोन बादल्या पाणी आणि वाळू शेजारी हवी. बिनभांड्याचा स्वयंपाक मुलांना सगळ्यात आवडतो, पण घाई नको. जाळ विझून लालभडक निखारे झाल्यावरच काठीला गुंडाळलेली कणीक धरायची, नाहीतर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं. बटाट्याला पानं गुंडाळून वर ओल्या मातीचा लेप द्या आणि निखाऱ्यात पुरा, माती तडकली की काढून बघा.

आता नोंदी. भिंतीवर एक मोठा चार्ट लावा, उभ्या रांगेत नावं, आडवं प्रवेशापासून राज्य पुरस्कारापर्यंत, आणि चौकटीत टिक नको, तारीख. रजिस्टर वेगळं, त्यात तीच तारीख आणि तपासणाऱ्याची सही. लॉगबुक म्हणजे केलेल्या कामांची वही, ते मुलींनी स्वतःच्या हाताने लिहायचं, अक्षर कसंही असू दे, तुम्ही लिहून देऊ नका. दर तीन महिन्यांनी चार्टपुढे उभं राहून कुणाच्या नावापुढे काहीच हललं नाही ते बघा. बहुतेक वेळा ती मुलगी आळशी नसते, शनिवारी तिची एसटी लवकर सुटते नाहीतर धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, तिच्यासाठी मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं काढली की गाडी पुढे सरकते.

एप्रिलचा अहवाल मग अर्ध्या तासाचं काम. जूनमध्ये किती जणी होत्या, किती सोडून गेल्या आणि का, प्रवेश किती, प्रथम, द्वितीय, तृतीय किती, किती जणी जागच्या जागी राहिल्या. हा शेवटचा आकडा सगळे गाळतात. मी लिहिते, कारण पुढच्या जूनमध्ये पहिल्या मीटिंगला मी त्याच मुलींपासून सुरुवात करते. आणि तो चार्ट सुट्टीत भिंतीवरून काढू नका, शाळा उघडली की मुली आधी तिथे धावतात आणि बोट फिरवत आपलं नाव शोधतात.