आधी समुद्र, मग अवशेष : कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

थायलंडला जाऊन स्कुबा, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकायचं आणि पाठीवर सॅक टाकून थायलंडमधलं अयुथ्या, कंबोडियातलं अंकोर अशी प्राचीन नगरं हिंडायची, हा बेत मनात असणारी बरीच पोरं-पोरी मला भेटतात. त्यांचे प्रश्न बहुतेक खर्चाचे आणि व्हिसाचे असतात. त्याबद्दल खाली लिहिलं आहेच. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय क्रमाचा आहे. बहुतेक जण आधी देवळं पाहतात आणि शेवटी बेटावर जाऊन मजा करू म्हणतात. मी म्हणेन उलट करा. आधी समुद्र, मग अवशेष. का, ते पुढे सांगते.

तयारी कोल्हापुरातच सुरू होते. आपल्याकडे पोहणाऱ्यांची कमी नाही. पंचगंगेच्या घाटावर, शेतातल्या विहिरीत मुलं पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. ऑलिम्पिकपर्यंत पोचलेला वीरधवल खाडे इथलाच. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे उडी मारून, हातपाय जोरात मारून काठ गाठणं. स्कुबाला याच्या बरोबर उलटी सवय लागते. स्कुबाचा पहिला कोर्स म्हणजे ओपन वॉटर. त्याला साधारण 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगत राहावं लागतं. वेळेचं बंधन नसतं, त्यामुळे वेगाचा काही उपयोग नाही. मी अंबाई टँकवर जाऊन मुद्दाम सावकाश पोहायची सवय केली. लांब श्वास सोडायचा, हात कमी मारायचे. घाबरट, भरभर श्वास घेणाऱ्याची हवा पाण्याखाली लवकर संपते. सावकाश श्वास घेणारा त्याच टाकीवर बराच जास्त वेळ काढतो.

परदेशात पैसे घालण्याआधी एकदा मालवण-तारकर्लीला जाऊन या. गगनबावड्याच्या घाटातून उतरलं की अर्ध्या दिवसाचा रस्ता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जी डुबकी देतात, त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो आणि वर आणतो. त्यातून प्रमाणपत्र मिळत नाही, पण तोंडाने श्वास घेणं आपल्याला सोसतं का, कान दुखतात का, हे थोडक्या पैशात कळतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे. परदेशी जायचं जमणार नसेल, तर तिथे चौकशी करायला कमीपणा वाटून घेऊ नका.

डॉक्टरांचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कोर्सच्या आधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयाचा त्रास, फिट्स यांपैकी कशालाही ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. तिकडे पोचल्यावर सही मिळवत फिरण्यापेक्षा इथेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्या. खोटं लिहून वेळ मारून नेऊ नका. त्या प्रश्नांचा संबंध थेट जिवाशी आहे.

आता कोर्सबद्दल. थायलंडच्या आखातात को ताओ नावाचं बेट आहे, जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं. जगभरातून लोक तिथे पहिली डुबकी शिकायला येतात. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने चुम्फोनला उतरायचं आणि तिथून बोटीने दोनेक तासांत बेट गाठायचं. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत तिथे पावसाळी, खवळलेलं पाणी असतं, म्हणून आपल्या दिवाळीच्या सुट्टीत जाणं टाळा. मार्च ते सप्टेंबर बरा काळ. कोर्सला 10 ते 12 हजार बाट (थायलंडचं चलन) धरून चाला. पॅडी की एसएसआय, कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायचं यावर डोकं शिणवू नका, दोन्ही जगभर चालतात. विचारायचंच असेल तर एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, ते विचारा. चारपेक्षा जास्त असतील तर दुसरं दार ठोठवा. मी दोन-तीन ठिकाणी नुसती बसून राहिले, शिकवणारा माणूस घाबरलेल्या विद्यार्थ्याशी कसा बोलतो ते पाहिलं आणि मग नाव नोंदवलं.

शिकवतात ते मुळात दाबाचं शास्त्र. जमिनीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर 10 मीटरला तेवढाच आणखी वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट आणि हवेचं आकारमान निम्मं. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर आहे, तिथे दाब पावणेतीन पटींच्या वर जातो. कोर्समधले सगळे नियम यातूनच निघतात. खाली श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही. कानातली हवा दबते, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी आणि प्रत्येक मीटरला. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते डोळे आणि नाक झाकणाऱ्या काचेच्या मुखवट्यात पाणी घेण्यापाशी. पाण्याखाली गुडघे टेकवून बसवतात आणि मुखवट्याची वरची कड सैल करून आत पाणी येऊ द्यायला सांगतात. पाणी नाकापर्यंत चढलं की शरीर ओरडतं, वर पळ. तिथेच थांबायचं असतं. टाकीतली हवा देणाऱ्या तोंडातल्या रेग्युलेटरमधून दोन शांत श्वास घ्यायचे, मान किंचित वर करायची, वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने लांब श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेतून निघून जातं आणि समोरचा माणूस पुन्हा स्पष्ट दिसतो. नाकाने श्वास सोडायचा, घ्यायचा नाही, एवढं एकच लक्षात ठेवावं लागतं. घरी बादलीत तोंड बुडवून, तोंडाने हवा घेऊन नाकाने सोडायचा सराव करता येतो. मी तो केला होता आणि त्याचा फार उपयोग झाला. आपल्याकडच्या झुपकेदार मिशा ठेवणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट : मिशीमुळे मुखवटा नाकाखाली नीट चिकटत नाही आणि पाणी झिरपत राहतं. नाकपुड्यांलगतची बोटभर पट्टी भादरली की काम भागतं.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणाही आधीच पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. कोर्सच्या चार सागरी डुबक्यांत पहिली सगळी या धांदलीतच जाते. पुढे हळूहळू नजर आजूबाजूला जाऊ लागते. जपानी गार्डन, व्हाइट रॉक अशा उथळ जागांवर पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. मला त्या आवाजाचं अजूनही अप्रूप आहे. एका माशाला मात्र मान द्या. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर बसलेला असला की अंगावर येतो. त्याचा इलाका घरट्यापासून वर फाकत गेलेल्या शंकूसारखा असतो, म्हणून वर पळण्याऐवजी आडवं पोहत लांब जायचं.

आता क्रमाचं कारण. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. म्हणून हळू वर येतात आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबतात. तरीही थोडा नायट्रोजन शरीरात राहतोच आणि तो निघायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तिथे हाच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असा नियम आहे. बरेच प्रशिक्षक सरळ 24 तास सांगतात. समुद्र शेवटी ठेवला की परतीचं तिकीट आणि हा नियम यांची गाठ पडते आणि लोक शेवटची डुबकी सोडतात किंवा, त्याहून वाईट, नियम मोडतात. समुद्र आधी ठेवला की बोट, रेल्वे आणि सपाट मैदानातलं अयुथ्या यातच तो वेळ निघून जातो. दुसरं म्हणजे रात्रीच्या एसी गाड्यांत, धुळीत फिरून सर्दी होण्याआधीच कान-नाक ठणठणीत असताना कोर्स पार पडतो.

अयुथ्या बँकॉकच्या उत्तरेला 80 किलोमीटरवर आहे. रेल्वेचा तिसऱ्या वर्गाचा डबा, तिकीट 15-20 बाट, खिडक्या उघड्या. स्टेशनसमोरून होडीने नदी ओलांडायची आणि पलीकडे सायकल भाड्याने घ्यायची. तीन नद्यांच्या मधे वसलेलं हे नगर 1350 च्या सुमारास स्थापन झालं आणि 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जाळलं. नंतर इथल्या विटा नव्या राजधानीसाठी बँकॉकला वाहून नेल्या. म्हणून आज दिसतात ते उघडे चौथरे आणि शिर नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा. वाट महाथात या देवळात झाडाच्या मुळांत गुरफटलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्यापेक्षा उंच उभं राहून फोटो काढायचा नाही, खाली बसायचं. पहारेकरी सांगेपर्यंत थांबू नका.

अंकोरसाठी मी बँकॉकहून त्याच्या जवळच्या सिएम रीप शहराला विमानाने गेले. 2025 च्या संघर्षानंतर थायलंड-कंबोडियामधली जमिनीवरची नाकी बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांतल्या बसच्या वाटेवर विसंबू नका आणि निघण्याआधी परिस्थिती पाहा. अंकोरचा पास एका दिवसाला 37 डॉलर आणि तीन दिवसांना 62 डॉलर. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत केव्हाही वापरता येतो. तोच घ्या. एका दिवसात अंकोर पाहणारे लोक फक्त तंगड्या तोडून परततात.

पण तिथे जाण्याआधी आपल्या जिल्ह्यातलं खिद्रापूर नीट पाहा, ही माझी कळकळीची विनंती. तिथल्या कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप आणि अंकोर वाट दोन्ही 12 व्या शतकातले. खिद्रापूरच्या 48 खांबांमध्ये उभं राहून छताकडे पाहिलं की दगडांची वर्तुळं एकावर एक थोडी थोडी आत सरकवत कशी आणली आहेत ते कळतं. अंकोरमध्येही खरी कमान नाही, दगड पुढे सरकवतच छत मिटवलं आहे, म्हणून तिथली दालनं अरुंद आणि लांब आहेत. हे डोळ्यांना सवयीचं असलं की तिकडे गाइडची अर्धी गरज संपते. भिंतींच्या पोटात आणि पायात वापरलेला लालसर, भोकाभोकांचा दगड बघून कोल्हापूरकराला तर ओळख पटतेच. तो जांभा आहे, पन्हाळ्यावर पायाखाली असतो तोच. आणि टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमन व्यापाराच्या काळात पंचगंगेच्या काठी पोचला होता. किती कोल्हापूरकरांनी ती मूर्ती पाहिली आहे?

अंकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलं आणि त्याचं तोंड पश्चिमेला आहे. भिंतीवरचे शिल्पपट उलट्या प्रदक्षिणेने पाहायचे असतात. आत शिरून उजवीकडे वळा. पहिलाच पट कुरुक्षेत्राचा, त्यात शरपंजरी पडलेला भीष्म शोधा. पुढे दक्षिणेच्या दालनात यम आणि चित्रगुप्त न्याय करताना दिसतात, आणि पूर्वेला वळलं की समुद्रमंथन. जवळजवळ 49 मीटर लांबीचा सलग पट. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मधे विष्णू, खाली कूर्म, देवांच्या टोकाला शेपूट ओढणारा हनुमान. लोक देव-दानवांचे फोटो काढून पुढे जातात. तुम्ही वाका आणि खालची पट्टी पाहा. तिथे मासे आणि मगरी खचाखच कोरल्या आहेत. कडेला ते अखंड आहेत, पण मध्यावर, रवीच्या जवळ येताच त्यांचे तुकडे तुकडे झालेत. घुसळणाऱ्या पाण्याचा जोर कारागिराने माशांच्या फाटलेल्या अंगांतून दाखवला आहे. नुकतीच पाण्याखाली राहून आले होते म्हणूनच माझी नजर तिथे गेली, असं मला मनापासून वाटतं. मी तिथे बराच वेळ बसले. समुद्र आधी ठेवण्याचं माझं हेही एक कारण आहे.

ता प्रोम हे अंकोरमधलं दुसरं देऊळ मात्र सकाळी उघडताच गाठा, नंतर झाडाच्या मुळांपुढे रांगा लागतात. तिथल्या जतनाच्या कामात आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणही आहे. अंकोर वाटच्या वरच्या गाभाऱ्यात जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मुलींनी एक सुती ओढणी सॅकमध्ये ठेवली तरी खांद्यांचं कामच झालं असं समजू नये, पहारेकरी बाही असलेला कुर्ताच मागतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्टातलं केंद्र आहे. थायलंडला उतरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरणं मे 2025 पासून सक्तीचं आहे. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच सरकारी संकेतस्थळावर पाहा. कंबोडियाचा ई-व्हिसा मी घरूनच काढला. प्रवास विमा घेताना त्यात स्कुबा धरलेला आहे का आणि किती मीटरपर्यंत, ते लेखी घ्या. साध्या पॉलिसीत तो बहुधा नसतो. को ताओवर स्कूटर घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिथले चढ कात्रज घाटापेक्षा उभे आहेत आणि बेटावरचे बरेच पाहुणे पाण्यात नव्हे, स्कूटरवर जखमी होतात. शाकाहारी असाल तर ‘जे’ (थाई भाषेत शुद्ध शाकाहारी) हा शब्द पाठ करा, नाहीतर भाजीतही माशाचं पाणी येतं. सॅक सात किलोच्या आत ठेवा आणि ती भरून एकदा पन्हाळा ते पावनखिंड चाला. जे सामान त्या वाटेवर नकोसं होईल, ते घरीच राहू द्या.