गाडीखाली लाल डाग दिसला की

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी सातला दाजींचा फोन आला. "पावणं, गाडीखाली रगात सांडल्यागत दिसतंय." कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या त्यांच्या पोर्चला पांढरी फरशी आहे, म्हणून डाग नजरेला तरी आला. डांबरी रस्त्यावर गाडी लावली असती तर डाग न दिसताच दाजी ऑफिसला निघाले असते. आदल्या दिवशी सगळी मंडळी गगनबावड्याचा घाट करून आली होती. गाडी ऑटोमॅटिक. मी एवढंच म्हणालो, "स्टार्टर मारू नगासा. मी आलोच."

उद्यमनगरात माझे वडील ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, मी गाड्या करतो. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल दातांना वंगण देतं, थोडं कमी झालं तर गाडी कुरकुरत का होईना चालते. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेलच काम करतं. आतला पंप ते दाबानं ढकलतो, त्या दाबावर क्लच धरतात, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकदही तेलातूनच पुढं जाते. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. तेल अडवणारं सील स्वस्तातलं असतं, पण गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की घरातलं बजेट कोलमडतं. म्हणून डाग दिसला की आधी गाडी जागेवर ठेवायची.

मग तेल कुठलं ते ओळखायचं. पांढरं फडकं डागावर टेकवा. लाल किंवा लालसर तपकिरी, पातळ आणि बोटाला गुळगुळीत लागलं तर बहुधा गिअरबॉक्सचं. जुनं झालं की त्याचा रंग काळपट तपकिरी होतो. करपलेला वास आला तर तो मात्र गंभीरपणे घ्या. इंजिन ऑइल मधासारखं किंवा काळं असतं. इंजिन गार ठेवणारा कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, पण पाण्यासारखा आणि गोडसर वासाचा. काहीच रंग नाही, वास नाही, फडकं सुकल्यावर डागही नाही, तर ते एसीचं पाणी. एक अडचण आहे: हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या काही गाड्यांत तेच लाल तेल असतं. म्हणून स्टिअरिंगची टाकी उघडून लेव्हल बघून घ्या.

आणि आपली गाडी नक्की कुठल्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते माहीत करून घ्या. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. क्लच पेडल नसतं म्हणून लोक तिलाही ऑटोमॅटिक म्हणतात. पण आत साधाच गिअरबॉक्स आणि त्याचं घट्ट गिअर ऑइल असतं, गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत वेगळं तेल. तिचं निदान वेगळं.

गळती शोधताना सगळ्यात मोठी चूक होते ती थेंब पडतो तिथंच बघण्याची. तेल वरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं, खालच्या प्लॅस्टिक कव्हरवर साचतं आणि भलत्याच कोपऱ्यातून टपकतं. तुम्हाला हवी आहे ती ओल्या भागातली सगळ्यात वरची जागा. त्यासाठी आधी धुवायचं. गाडी रॅम्पवर किंवा स्टँडवर घ्या, चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली कुणी जाऊ नका, हे हात जोडून सांगतो. कव्हर काढा, ब्रेक क्लीनरनं भाग लख्ख करा, सुकू द्या, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा. लेव्हल ठीक असेल तरच गाडी पी (पार्क) मध्ये चालू करा, हँडब्रेक ओढून, कुणीतरी आत बसलेलं असताना. दहा मिनिटांत पावडरीवर लाल रेघ उमटते. पंखा आणि तापलेला सायलेन्सर यांपासून हात लांब.

दाजींच्या गाडीला रेघ उमटली ती तेल गार करायला रेडिएटरकडं नेणाऱ्या कूलर पाइपवर, रबर आणि लोखंडी नळी जिथं दाबून जोडलेली असते तिथं. घाटात तेल तापलं, जुनं रबर कडक झालेलं, जोड सुटला. अशी गळती इंजिन चालू असताना जोरात असते.

चाक फिरवणारा दांडा, म्हणजे एक्सल, गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथं ओलं असेल तर एक्सलचं सील. गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या चेंबरच्या कडेनं ओलं असेल तर गॅस्केट. पण बोल्ट ताकद लावून आवळू नका, पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून खालून टपकत असेल तर पुढचं सील, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मात्र तिथूनच इंजिनचं मागचं सीलही गळतं, म्हणून रंग आधी पक्का करा.

परवाच सर्व्हिस झाली असेल तर संशय तिथूनच सुरू करा. माझ्याकडं एक गाडी आली होती, तिचा इंजिन ऑइल काढायचा नट सोडायच्या ऐवजी गिअरबॉक्सचाच सोडला होता. इंजिनात तेल दुप्पट, गिअरबॉक्स जवळपास रिकामा. ती चालवत न आणता उचलून आणली म्हणून वाचली.

कूलंटच्या टाकीत गुलाबी, दुधाळ साय दिसली तर रेडिएटरच्या आतला गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर फुटलाय. कूलंट गिअरबॉक्समध्येही गेला असणार. तेव्हा स्टार्टरला हातच लावू नका.

गाडी हलवायची तर फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक दोरीनं ओढली तर इंजिन बंद, पंप बंद, आत तेल पोचत नाही. दाजींच्या घरापासून माझं गॅरेज लांब नाही, तरी मी फ्लॅटबेडच मागवला.

नवा पाइप ऑटोमॅटिकचं तेल आणि उष्णता सोसणाराच घ्या, पाण्याचा होज चालत नाही. तेल पुस्तकात लिहिलेल्या नंबरचंच. सीव्हीटी आणि डीसीटी या ऑटोमॅटिकच्याच दुसऱ्या जाती, त्यांचं तेल वेगवेगळं. लेव्हल बहुतेक गाड्यांत तेल तापवून इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून. ज्यांना तेल मोजायची पट्टीच नसते त्यांची लेव्हल ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून बघतात, ते काम गॅरेजवरच करा.

दाजींना मी दोन रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायला सांगितला. दोन्ही सकाळी कोरडा. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन, "ओलं हाय." "फडकं टेकवा." फडकं सुकलं, डाग नव्हता.